नवी बेस गिटार : प्राप्ती, परीक्षण आणि श्रवण – एक विवेचन

सारांश

बेस गिटार हे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील खर्जाचे वाद्य होय. महाविद्यालयीन युवक महोत्सव, चर्चमधील गायनवृंद, चित्रपटसंगीत आणि फ्युजन अशा अनेक ठिकाणी त्याचा वापर होतो. मात्र नवे वाद्य हाती आल्यानंतर ते कसे तपासावे, याविषयीचे विवेचन मराठीत क्वचितच आढळते. परिणामी वाद्यातील दोष, जुळवणीतील दोष आणि वादकाच्या हाताची उणीव यांची गल्लत होते. प्रस्तुत लेखात बेस गिटारचा उगम, तिची ध्वनिनिर्मिती आणि नव्या वाद्याच्या परीक्षणाच्या पायऱ्या यांचा विचार केला असून, दुरुस्त होणारे व न होणारे दोष यांची विभागणी मांडली आहे.

बीजसंज्ञा : बेस गिटार, खर्ज, पडदे, अनुनाद, सहायक नाद, जुळवणी, श्रवण

१. प्रस्तावना

तंतुवाद्य पारखून घेण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मिरजेच्या सतारी व तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; परंतु त्यापूर्वी कित्येक पिढ्या गायक-वादक तेथे जाऊन वाद्य निवडत आले आहेत. तानपुरा घेणारा विद्यार्थी शक्यतो गुरूंना किंवा एखाद्या जाणकाराला सोबत नेतो. भोपळ्याची गोलाई पाहिली जाते, खुंट्या फिरवून पाहिल्या जातात, खर्जाची तार छेडून तिचा नाद किती वेळ टिकतो ते ऐकले जाते आणि जवारी मनासारखी नसेल तर कारागीर ती तेथेच काढून देतो. वाद्य विकत घेणे आणि वाद्य लावून घेणे ही एकाच व्यवहाराची दोन अंगे आहेत, ही समज या परंपरेत गृहीत धरलेली आहे.

बेस गिटारच्या बाबतीत मात्र ही समज आपल्याकडे रुजलेली दिसत नाही. वाद्य अनेकदा छायाचित्र, किंमत आणि नाममुद्रा पाहून घेतले जाते. महाविद्यालयांच्या खरेदीत तर दरपत्रकांची तुलना होते, पण वाद्य वाजवून पाहिले जाईलच असे नाही. खोके उघडल्यानंतर तार दाबताना बोटे दुखतात, एखादा स्वर खडखडतो, एखादा लवकर विरतो. नवशिका विद्यार्थी याचा दोष स्वतःच्या हाताला देतो आणि काही महिन्यांत वाद्य कोपऱ्यात पडते. याउलट अनुभवी म्हणवणारा वादक कधीकधी स्वतःच्या हाताचा दोष वाद्यावर ढकलतो आणि चांगले वाद्य परत करतो. दोन्ही प्रसंगी नुकसान होते ते परीक्षणाच्या अभावामुळे. म्हणूनच हे परीक्षण पद्धतशीरपणे समजून घेणे आवश्यक ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) बेस गिटारचा उगम व तिच्या रचनेमागील कारणे थोडक्यात स्पष्ट करणे.
२) तिच्या ध्वनिनिर्मितीची व श्रवणाची वैशिष्ट्ये समजावून देणे.
३) नव्या वाद्याच्या परीक्षणाचा क्रम सांगणे.
४) दोषांचे वर्गीकरण करून खरेदीदारास निर्णयासाठी आधार देणे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य नृत्यवृंदांत खर्जाची बाजू डबल बेस हे माणसाएवढ्या उंचीचे वाद्य सांभाळत असे. ते वाहून नेणे कठीण होते. शिवाय पितळी सुषिर वाद्ये आणि विद्युत गिटार यांच्या आवाजापुढे ते ऐकू येत नसे. त्यावर पडदे नसल्यामुळे स्वरस्थान केवळ कानाने आणि सरावानेच सापडत असे. अमेरिकेतील सिएटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकात आडवे धरून वाजवता येणारे, पडदे असलेले विद्युत बेस वाद्य तयार केले होते; परंतु त्याचा प्रसार झाला नाही.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ हे वाद्य बाजारात आणले, तेव्हा या वाद्यप्रकाराला स्थैर्य लाभले. ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकता. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, हाच या नावाचा आशय होय. त्यामुळे गिटार वाजवणारी व्यक्तीही अल्प सरावात खर्जाची बाजू सांभाळू शकू लागली. १९५२ मध्ये या वाद्यासाठी ‘बासमन’ हा स्वतंत्र ॲम्प्लिफायर आला. लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदात मंक मॉन्टगोमेरी यांनी हे वाद्य वाजवले आणि जॅझच्या क्षेत्रात त्याची ओळख झाली. १९५७ मध्ये प्रिसिजन बेसला दोन भागांत विभागलेला पिकअप बसवण्यात आला आणि १९६० मध्ये दोन पिकअप असलेली ‘जॅझ बेस’ आली. आजही बाजारातील बहुसंख्य बेस गिटारी या दोनपैकी एका आराखड्याशी नाते सांगतात.

भारतात या वाद्याचा एक महत्त्वाचा मार्ग मुंबईच्या चित्रपटसंगीतातून जातो. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचू शकणारे गोमंतकीय वादक मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांचा कणा होते आणि या वातावरणात विद्युत बेसलाही स्थान मिळाले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी पुढे १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली, ही बाब अभ्यासकांना परिचित आहे.

४. रचना आणि ध्वनिनिर्मिती

प्रचलित बेस गिटारला चार तारा असतात. जाड तारेपासून बारीक तारेकडे त्या ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावल्या जातात. त्यांची कंपनसंख्या अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झ असते. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा हे स्वर बरोबर एक सप्तक खाली आहेत.

तार जितकी लांब, जाड आणि सैल तितका स्वर खाली, हा तंतुवाद्यांचा मूलभूत नियम आहे. तार फार सैल ठेवली तर ती लोंबते व खडखडते. म्हणून खर्ज मिळवण्यासाठी लांबी आणि जाडी वाढवावी लागते. प्रिसिजन बेसमध्ये तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर आहे. जाड तारेचा व्यास साधारणतः २.७ मिलिमीटर, तर बारीक तारेचा १.१ मिलिमीटर असतो. अशा चार तारांचा एकत्रित ताण सुमारे ७५ ते ८० किलो वजनाइतका भरतो. हा भार रात्रंदिवस लाकडी दांडीवर पडत असतो. त्याला तोल देण्यासाठी दांडीच्या पोटात एक धातूची सळई बसवलेली असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. नव्या वाद्याच्या अनेक तक्रारींचे मूळ या भार आणि सळई यांच्या नात्यात सापडते.

दांडीवरील पडदे ठरावीक गुणोत्तराने बसवलेले असतात. प्रत्येक पडद्यागणिक कंपनसंख्या सुमारे १.०५९५ पटीने वाढते आणि बाराव्या पडद्यावर ती दुप्पट होते. ८६४ मिलिमीटर लांबीच्या वाद्यात पहिला पडदा सुमारे ४८.५ मिलिमीटरवर, तर बारावा बरोबर मध्यावर म्हणजे ४३२ मिलिमीटरवर येतो. सतारीचे पडदे सरकवता येतात. बेस गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले असतात. त्यामुळे ते मुळातच चुकीच्या जागी बसवले असतील तर ती चूक जुळवणीने सुधारत नाही.

ध्वनी विद्युत स्वरूपात उचलण्याचे काम पिकअप करतो. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पोलादी तार त्यावर कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच.

५. खर्जाच्या श्रवणाचे वैशिष्ट्य

वाद्याचे परीक्षण अखेरीस कानाने होते; परंतु खर्जाच्या बाबतीत कान सहज फसतो. मानवी कान खालच्या कंपनसंख्यांना तुलनेने कमी संवेदनशील असतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांच्या १९३३ मधील संशोधनाने स्पष्ट झाले. त्यामुळे हळू आवाजात वाजवलेली बेस गिटार पोकळ वाटते आणि मोठ्या आवाजात तीच भरदार वाटते. दुकानात दोन वाद्यांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवला नाही, तर जे वाद्य मोठ्याने वाजले तेच चांगले वाटण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट सहायक नादांची. तार छेडली की मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे नादही निर्माण होतात. छोट्या रेडिओला ४१ हर्ट्झचा स्वर उमटवता येत नाही. तरीही त्यातून श्रोत्याला खर्ज जाणवतो. कारण ८२, १२४, १६५ हर्ट्झ या सहायक नादांवरून मेंदू मूळ स्वराचे अनुमान करतो. ज्या वाद्याचे सहायक नाद स्पष्ट व समतोल असतात, ते लहान स्पीकरवरही ओळखू येते. केवळ खोल घुमणारे वाद्य वाद्यवृंदात हरवून जाते.

तिसरी गोष्ट खोलीची. ४१.२ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी हवेत सुमारे ८.३ मीटर असते. घरातील खोल्या याहून लहान असतात. दहा बाय बारा फुटांच्या खोलीचा विचार केल्यास दहा फूट अंतरात सुमारे ५६ हर्ट्झचा आणि बारा फूट अंतरात सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर विशेष घुमतो. बेसची मोकळी ए तार ५५ हर्ट्झची असल्यामुळे अशा खोलीत ती इतर तारांपेक्षा ठळक ऐकू येऊ शकते आणि वादकाला वाद्य असमतोल असल्याचा भास होतो. वास्तविक तो खोलीचा गुण असतो. बसण्याची जागा बदलली किंवा हेडफोनवर ऐकले की शंका फिटते.

६. परीक्षणाच्या पायऱ्या

६.१ दृष्टीने परीक्षण

वाद्य दूरवरून आले असल्यास खोके उघडल्यावर ते काही तास खोलीच्या हवेत तसेच ठेवावे. नंतर दांडीच्या टोकाकडून धडाकडे एका डोळ्याने पाहावे. पडद्यांच्या दोन्ही कडा दोन समांतर रेषांसारख्या दिसल्या पाहिजेत. दोन्ही कडा सारख्याच किंचित वाकलेल्या असतील तर तो जुळवणीचा विषय आहे; एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर दांडी पिळलेली आहे असे समजावे. हा दोष गंभीर होय.

यानंतर दांडी व धड यांच्या सांध्यात फट आहे का, खुंट्यांच्या मागील लाकडात चीर आहे का, पडद्यांची टोके हाताला बोचतात का, हे पाहावे. दांडीवरून तळहात वर-खाली फिरवल्यास बोचरी टोके लगेच समजतात. कोरड्या हवेत लाकूड रुंदीला आकसते, पण धातूचे पडदे आकसत नाहीत. त्यामुळे ही टोके बाहेर येतात. विदर्भातील उन्हाळ्यात हा अनुभव विशेष येऊ शकतो.

६.२ मापनाने परीक्षण

यासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी आणि स्वर जुळवण्याचे ट्यूनर यंत्र पुरेसे आहे. प्रथम वाद्य योग्य स्वरात लावावे. सैल तारांवर घेतलेली मापे निरर्थक असतात.

दांडीचा वाक पाहण्यासाठी जाड तार पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी. अशा वेळी तारच सरळ पट्टीचे काम करते. आठव्या पडद्याच्या माथ्यावर तार व पडदा यांत सुमारे ०.३ मिलिमीटर, म्हणजे साधारण जाडीचे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट असावी. फट फार मोठी असेल तर दांडी पुढे वाकली आहे आणि ट्रस रॉड थोडा आवळावा लागेल. फटच नसेल तर तो सैल करावा लागेल. हे काम एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक करू नये आणि प्रत्येक फेऱ्यानंतर वाद्य पुन्हा स्वरात लावून मोजावे. सळई फिरतच नसेल किंवा फिरूनही दांडीत फरक पडत नसेल, तर वाद्य परत करणे श्रेयस्कर.

त्यानंतर तारेची उंची मोजावी. सतराव्या पडद्यावर जाड तारेखाली सुमारे २.४ आणि बारीक तारेखाली सुमारे २ मिलिमीटर अंतर हे सर्वसाधारण माप आहे. जोरकस वादकाला याहून अधिक, तर हलक्या हाताच्या वादकाला कमी उंची मानवते. कारखान्यातून आलेल्या वाद्याची उंची पुष्कळदा जास्त असते आणि बोटे दुखण्याचे ते एक प्रमुख कारण ठरते.

शेवटी स्वरशुद्धता. बाराव्या पडद्यावर तारेला हलका स्पर्श करून मिळणारा नाद आणि त्याच पडद्यावर तार दाबून मिळणारा स्वर हे दोन्ही ट्यूनरवर सारखे दिसले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर त्या तारेचे सॅडल, म्हणजे घोडीवरील तार टेकण्याचा तुकडा, दांडीपासून दूर सरकवावा. उतरा असेल तर जवळ आणावा.

६.३ ॲम्प्लिफायरशिवाय श्रवण

नवे वाद्य हाती येताच ते ॲम्प्लिफायरला जोडण्याचा मोह होतो. तथापि पहिले श्रवण विजेशिवायच करावे. वीस पडद्यांच्या वाद्यावर चार मोकळ्या तारा धरून ८४ स्वरस्थाने होतात. ती सर्व एकामागून एक, सारख्याच जोराने वाजवावीत. या कामाला जेमतेम पंधरा मिनिटे लागतात आणि वाद्याविषयीची बहुतेक माहिती त्यातून मिळते.

येथे दोन गोष्टी ऐकायच्या आहेत. पहिली, खडखड. ती कोठे होते यावरून तिचे कारण कळते. केवळ मोकळी तार खडखडत असेल तर दांडीच्या टोकाच्या नटमधील खाच खोल झाली आहे. पहिल्या चार-पाच पडद्यांवर खडखड असेल तर दांडी अति सरळ आहे. सर्वत्र असेल तर तारा फार खाली आहेत. एकाच जागी असेल तर शेजारचा एखादा पडदा उंच आहे.

भारतीय श्रोत्याच्या दृष्टीने येथे एक मनोरंजक विरोध आहे. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा रुंद ठेवून तार त्यावर हलकेच घासेल अशी योजना केलेली असते. त्या घर्षणातूनच जवारीचा झंकार व सहायक नादांची समृद्धी निर्माण होते. म्हणजे तार पृष्ठभागाला स्पर्श करते ही घटना दोन्हीकडे एकच. एकीकडे तो गुण, दुसरीकडे दोष. जेथे स्पर्श सर्व स्वरांत सारखा आणि हेतुपूर्वक असतो तेथे तो गुण ठरतो. जेथे तो एखाद्याच स्वराला अचानक होतो तेथे तो दोष ठरतो. पडदे नसलेल्या बेस गिटारचा गाणारा स्वरही तार लाकडी पृष्ठभागाला घासण्यातूनच येतो. जॅको पास्टोरियस यांच्या १९७६ च्या ध्वनिमुद्रिकेने हा स्वर जगभर पोहोचवला.

ऐकण्याची दुसरी गोष्ट म्हणजे मूक जागा. काही पडद्यांवर स्वर नीट उमटतो, पण शेजारच्या स्वरांपेक्षा फार लवकर विरतो. लांब दांडीच्या वाद्यांत बारीक जी तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्यांच्या आसपास हे अनेकदा आढळते. दांडीची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या त्या स्वराशी जुळल्यामुळे तारेची ऊर्जा दांडीत शोषली जाते, हे त्याचे कारण. अनुनादातून निर्माण होणारा हा दोष सौम्य स्वरूपात पुष्कळ चांगल्या वाद्यांतही असतो. स्वर अर्ध्या क्षणात विझत असेल तरच तो वाद्य नाकारण्याचे कारण मानावा.

६.४ ॲम्प्लिफायरसह श्रवण

ॲम्प्लिफायरचे सर्व स्वरनियंत्रक मध्यावर ठेवून, कोणताही परिणाम न जोडता वाजवावे. साध्या गिटारच्या ॲम्प्लिफायरवर बेस मोठ्याने वाजवू नये. खालच्या स्वरांसाठी स्पीकरच्या पडद्याला जास्त मागे-पुढे व्हावे लागते आणि तो फाटण्याची शक्यता असते. वाद्याची बटणे सावकाश फिरवून खरखर होते का ते पाहावे. चारही तारांचा आवाज समतोल आहे का, हे पाहून गरजेनुसार पिकअपची उंची स्क्रूने कमी-जास्त करावी.

गुणगुण हा विषय आपल्याकडे थोडा वेगळा आहे. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असून जाड तारेचा तिसरा पडदा ४९ हर्ट्झचा स्वर देतो. म्हणजे विजेची गुणगुण नेमकी वाद्याच्या स्वरमर्यादेतच येते आणि ती ओळखणे अवघड जाते. जॅझ बेसच्या धर्तीच्या वाद्यात दोन्ही पिकअप पूर्ण चालू ठेवल्यास गुणगुण कमी होते आणि एकच चालू ठेवल्यास वाढते. हा दोष नसून रचनेचा स्वभाव आहे. तारांना हात लावताच गुणगुण कमी होणे हेही सामान्य आहे, कारण तारा वाद्याच्या भू-जोडणीला जोडलेल्या असतात. याच कारणामुळे ॲम्प्लिफायर नेहमी तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच चालवावा. मांडवातील तात्पुरत्या वीजजोडणीवर हा नियम मोडला जातो आणि तेथे प्रश्न सुराचा न राहता जिवाचा होतो.

६.५ शरीर आणि हात

वाद्य पट्ट्याने गळ्यात अडकवून उभे राहावे आणि दोन्ही हात सोडावेत. दांडी जमिनीकडे झुकत असेल तर वाजवताना डावा हात ती सावरण्यातच थकतो. बसून केलेल्या परीक्षणात हा दोष लक्षात येत नाही.

पहिल्या ते चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर ३४ इंची वाद्यात सुमारे १३ सेंटिमीटर, तर प्रचलित विद्युत गिटारमध्ये सुमारे ९.७ सेंटिमीटर असते. गिटारहून बेसकडे वळणाऱ्याला पहिल्या दिवशी जो ताण जाणवतो तो या अंतराचा असतो. त्यावर डबल बेसच्या परंपरेत जुना उपाय आहे. फ्रांत्स सिमांड्ल यांच्या पद्धतीत खालच्या स्वरस्थानी तर्जनी, मध्यमा आणि करंगळी यांनी तीनच अर्धस्वर व्यापले जातात व हात सरकवला जातो. लहान हाताच्या विद्यार्थ्याने ही पद्धत स्वीकारावी किंवा ३० इंची वाद्य घ्यावे. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे घेतलेली हॉफनर बेस याच लहान मापाची होती.

६.६ वाद्यमेळातील परीक्षण

बेस हे एकट्याने ऐकण्याचे वाद्य नाही. एकटी वाजवताना मखमली वाटणारी बेस ड्रमसोबत अस्पष्ट होते आणि एकटी वाजवताना काहीशी रुक्ष वाटणारी बेस तेथे नेमकी ऐकू येते. म्हणून शक्य असल्यास शेवटचा निर्णय ड्रमवादकासोबत अर्धा तास वाजवून घ्यावा. ते शक्य नसेल तर परिचित ध्वनिमुद्रणासोबत वाजवावे. विस्तृत तानांपेक्षा एकच साधी आवर्तनात्मक चाल दहा मिनिटे वाजवल्यास लयीतील स्थैर्य आणि स्वराची लांबी दोन्ही कळतात.

७. तारा, हात आणि नाममुद्रा

वाद्याचा आवाज आवडला नाही तर वाद्य बदलण्यापूर्वी तारा बदलून पाहाव्यात. गोल वेढ्यांच्या तारा तेजस्वी वाजतात, सपाट वेढ्यांच्या तारा मऊ व थोटक्या वाजतात. डेट्रॉइटच्या मोटाउन ध्वनिमुद्रणांतील जेम्स जेमर्सन सपाट वेढ्यांच्या तारा आणि केवळ तर्जनी वापरत. त्यांची प्रिसिजन बेस १९६२ ची होती. पास्टोरियस यांची जॅझ बेसही १९६२ ची आणि त्याच कारखान्यातील. तिचे पडदे काढलेले आणि तारा गोल वेढ्यांच्या. एकाच निर्मात्याची, एकाच वर्षाची ही दोन वाद्ये असूनही त्यांचे आवाज एकमेकांपासून फार दूर आहेत. हा फरक पडदे, पिकअप, तारा आणि बोटे यांतून येतो. नाममुद्रेवरून त्याचा अंदाज येत नाही.

लाकडाविषयीही येथे नोंद करणे आवश्यक आहे. फिंगरबोर्डसाठी शिसवी लाकूड बहुमानाचे मानले जाते आणि पश्चिम घाटात आढळणारी भारतीय शिसव त्यासाठी जगभर वापरली जाते. धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइटीस’ कराराने २०१७ पासून शिसवीच्या संपूर्ण वंशावर निर्बंध आणले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट देण्यात आली. दरम्यान अनेक उत्पादकांनी इतर लाकडे स्वीकारली. त्यामुळे फिंगरबोर्ड शिसवीचा नाही, एवढ्यावरून वाद्य हलके ठरवणे योग्य नाही.

८. हवामान आणि पुढील निगा

परीक्षण पहिल्या दिवशी संपत नाही. नव्या तारा काही दिवस ताणल्या जातात व स्वर उतरतात. कोकणातील आणि गोव्यातील पावसाळ्यात लाकूड ओलावा शोषून फुगते, दांडीचा वाक बदलतो व तारा उंचावलेल्या जाणवतात. म्हणून पावसाळ्याच्या आरंभी आणि हिवाळ्याच्या आरंभी दांडीचा वाक व तारांची उंची पुन्हा मोजणे इष्ट. पहिल्या दिवशीची मापे वहीत नोंदवून ठेवल्यास पुढील बदल नेमका कळतो.

९. दोषांचे वर्गीकरण

अ) वादकास स्वतः दूर करता येणारे दोष : तारेची उंची, दांडीचा सौम्य वाक, स्वरशुद्धता, जुन्या तारा, सैल स्क्रू, पिकअपची उंची.

आ) कारागिराकडून दूर होणारे दोष : नटमधील चुकीची खाच, एखादा उंच पडदा, पडद्यांची बोचरी टोके, खरखरणारी बटणे, अपुऱ्या आवरणामुळे येणारी गुणगुण.

इ) वाद्य परत करण्यास पुरेसे दोष : पिळलेली दांडी, निकामी ट्रस रॉड, खुंट्यांजवळील चीर, चुकीच्या जागी बसवलेले पडदे, तीव्र स्वरूपाची मूक जागा.

ई) वाद्याचे दोष नसणाऱ्या बाबी : खोलीतील घुमारा, हळू आवाजातील पोकळपणा, मोठ्या अंतरामुळे पहिल्या आठवड्यात जाणवणारा हाताचा ताण.

१०. निष्कर्ष

१) बेस गिटारचे परीक्षण दृष्टी, मापन, विजेशिवाय श्रवण, विजेसह श्रवण, शारीरिक सोय आणि वाद्यमेळ या क्रमाने झाल्यास दोषाचे मूळ नेमके सापडते.
२) नव्या वाद्यातील बहुतेक तक्रारी जुळवणीच्या असतात, त्यांवरून वाद्याची किंवा विद्यार्थ्याची पात्रता ठरवणे चुकीचे आहे.
३) खर्जाच्या श्रवणात आवाजाची पातळी, खोलीचा आकार आणि स्पीकर यांचा प्रभाव मोठा असल्याने निर्णय एकाच ठिकाणी ऐकून घेऊ नये.
४) महाविद्यालयांनी वाद्यखरेदीच्या वेळी दरपत्रकासोबत वरील वर्गीकरणाची तपासणीसूची ठेवावी आणि समितीत किमान एक वादक घ्यावा. जुळवणीचा खर्च वाद्याच्या किमतीतच गृहीत धरावा.

समारोप

मिरजेचा कारागीर ग्राहकासमोर बसून जवारी काढतो, तेव्हा वाद्य अपुरे आहे असे कोणी म्हणत नाही; ते आता लावले जात आहे असे समजले जाते. बेस गिटारकडेही त्याच दृष्टीने पाहण्याची गरज आहे. बोटे दुखतात म्हणून वाद्य सोडून देणाऱ्या विद्यार्थ्याला एक पोलादी पट्टी, एक ट्यूनर आणि पंधरा मिनिटांचे लक्षपूर्वक ऐकणे इतकीच मदत पुष्कळदा पुरेशी असते. ती त्याला वेळेवर मिळावी, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.